कोकिळेचे अंडे आणि पुण्याची बँक

द कुकूज एग. लेखक : क्लिफर्ड स्टॉल. प्रथम प्रकाशन : डबलडे, १९८९.

संगणकाच्या सुरक्षेविषयी आपल्या शाळांमधून जे सांगितले जाते ते बहुतेक सूचनांच्या स्वरूपात असते. ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी ईमेल उघडू नका, परवलीचा शब्द सोपा ठेवू नका. या सूचना चुकीच्या नाहीत. परंतु विज्ञान शिकवणाऱ्याने तेवढ्यावर समाधान मानू नये. या सूचनांतून विद्यार्थ्याच्या मनात एक चित्र तयार होते : एक दार, एक कुलूप आणि ते फोडणारा एक चोर. प्रत्यक्षात मोठ्या चोऱ्या अशा होत नाहीत. ज्यांच्याकडे पाहून जाणकारसुद्धा 'यात फारसे काही नाही' म्हणतील अशा चार-पाच फटी एकापुढे एक जोडल्या जातात आणि त्यांतून वाट तयार होते. ही गोष्ट सामान्य वाचकाला समजेल अशा रीतीने सांगणाऱ्या पुस्तकांत क्लिफर्ड स्टॉल यांचे पुस्तक आजही वरच्या जागी आहे. ते जुने असले, तरी २०१८ साली पुण्यात घडलेल्या एका घटनेशेजारी ठेवून वाचले की त्याचे गुण स्पष्ट होतात आणि उणिवाही.

पाऊण डॉलरचा हिशेब

स्टॉल हे खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचा निधी संपल्यामुळे १९८६ साली त्यांना कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक विभागात काम देण्यात आले. त्या काळी संगणकाच्या वापराचे पैसे आकारले जात आणि प्रयोगशाळेत त्याचा हिशेब दोन वेगवेगळ्या पद्धतींनी ठेवला जाई. दोन्ही हिशेबांत ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा फरक निघाला. नव्या माणसाला सराव म्हणून हा फरक शोधायला दिला गेला. हिशेब जुळवताना असे लक्षात आले की ज्याचे बिल कोणालाच जात नाही असा एक वापरकर्ता यंत्रात आहे. तिथून सुरू झालेला शोध जवळजवळ वर्षभर चालला आणि पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरात मार्कुस हेस या तरुणापाशी थांबला. अमेरिकेच्या लष्करी संगणकांतील माहिती मिळवून ती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकणाऱ्या टोळीतला तो एक होता. १९९० साली त्याला व त्याच्या साथीदारांना शिक्षा झाली. ती स्थगित ठेवण्यात आली.

शिक्षकाच्या दृष्टीने खरा मोलाचा भाग आहे तो हेस आत कसा शिरला याचा. पुस्तकात तो तुकड्यातुकड्यांनी येतो. ते तुकडे एकत्र मांडले तर अशी साखळी दिसते.

पहिली कडी : प्रयोगशाळेचे संगणक दूरध्वनीच्या तारांनी बाहेरच्या जाळ्याला जोडलेले होते. संशोधकांना घरून काम करता यावे म्हणून ही सोय होती. दुसरी कडी : परदेशी गेलेल्या एका शास्त्रज्ञाचे खाते कोणी बंद केले नव्हते. तिसरी कडी : मजकूर लिहिण्याच्या एका लोकप्रिय आज्ञावलीबरोबर आलेला छोटा उपकार्यक्रम. त्याचे काम एवढेच, की आलेली पत्रे टपालपेटीतून उचलून वापरकर्त्याच्या कप्प्यात ठेवायची. बर्कलीत तो बसवताना त्याला यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाचे अधिकार दिले गेले होते आणि 'ही फाइल ज्या जागी ठेवायला सांगितली आहे तिथे ठेवण्याचा या माणसाला हक्क आहे का?' हे तो विचारत नव्हता. चौथी कडी : यंत्र दर पाच मिनिटांनी देखभालीची एक ठरावीक आज्ञावली आपोआप चालवी.

आता या चार गोष्टी जोडून पाहा. हेसने विसरलेल्या खात्यातून प्रवेश केला, पत्रे हलवणाऱ्या उपकार्यक्रमाच्या हातून आपली आज्ञावली देखभालीच्या आज्ञावलीच्या जागी ठेवली आणि तो पाच मिनिटे थांबला. यंत्राने स्वतःच ती चालवली आणि त्याला व्यवस्थापकाचे अधिकार बहाल केले. मग त्याने मूळ आज्ञावली जागच्या जागी ठेवून दिली. कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही. कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि उबवण्याचे काम कावळा करतो. पुस्तकाचे नाव यावरूनच आले आहे. पाश्चात्त्य 'कुकू' आणि आपली कोकिळा हे एकाच कुळातले पक्षी असल्याने आपल्या विद्यार्थ्यांना हे रूपक समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

चारांपैकी कोणतीही कडी एकटी घेतली तर तिच्यात भयंकर असे काही नाही. जुने खाते उघडे राहिले तर फार तर कोणी दोन फाइली वाचील. उपकार्यक्रमाला अधिकार जास्त असले, तरी तो फक्त पत्रेच हलवतो. दर पाच मिनिटांची देखभाल हा तर गुणच. दोष सापडतो तो त्यांच्यामधल्या जोडणीत.

पुण्यातील शनिवार

आता आपल्याकडील घटना. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, देशातील मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी दुपारनंतर काही तासांत या बँकेच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढण्यात आले. भारतातील यंत्रांतूनही सुमारे अडीच कोटी निघाले. देशातील आणि परदेशांतील मिळून व्यवहारांची संख्या १४ हजारांच्या वर होती. १३ ऑगस्टला बँकेच्या 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय हस्तांतरण यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतील कंपनीच्या खात्यात वळवले गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर.

येथेही साखळीच होती. एटीएममध्ये कार्ड घातले की पैसे देण्याची परवानगी मागणारा संदेश निघतो. तो व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या 'स्विच' नावाच्या संगणकाकडे येतो. स्विच तो बँकेच्या मुख्य हिशेब-प्रणालीकडे पाठवतो, तिथे खाते व शिल्लक तपासली जाते आणि 'द्या' किंवा 'देऊ नका' असे उत्तर त्याच वाटेने परत जाते. हल्लेखोरांनी या मधल्या जागी बनावट स्विच उभा केला. बाहेरून आलेल्या विनंत्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत. बनावट स्विच परस्पर 'द्या' म्हणत राहिला. मुख्याध्यापकांच्या सहीसाठी निघालेली चिठ्ठी व्हरांड्यातच कोणी अडवावी आणि खोटी सही करून वर्गात परत पाठवावी, तसा हा प्रकार. मुख्याध्यापकांना काही कळलेच नाही आणि वर्गशिक्षकांना शंका येण्याचे कारण नव्हते. म्हणूनच ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही आणि मुख्य हिशेब-प्रणाली अभंग राहिली, असे बँकेने सांगितले. ते खरेही होते. पण तिजोरी अभंग असूनही पैसे गेले, हाच या घटनेतला धडा आहे.

बाकीच्या कड्या पाहू. कार्डाच्या चुंबकीय पट्टीवरील माहितीची नक्कल करता येते, हे जगाला कित्येक वर्षे ठाऊक होते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली होती. चोरी झाली तेव्हा मुदत संपायला साडेचार महिने बाकी होते. ११ ऑगस्ट हा महिन्यातला दुसरा शनिवार होता. त्या दिवशी आपल्याकडे बँका बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी रविवार. एका पुणेकर सहकारी बँकेची कार्डे एकाच दुपारी २८ देशांत चालू लागणे ही गोष्ट माणसाच्या नजरेला ताबडतोब खटकली असती. पण बनावट स्विचला खटकण्याचे कारण नव्हते. आणि शनिवारी एटीएमची चोरी उघड झाल्यावरही सोमवारी त्याच बँकेची दुसरी यंत्रणा हल्लेखोरांना वापरता आली. कारण एटीएम आणि स्विफ्ट ही कागदावर दोन वेगळी खाती असली, तरी आत शिरलेल्याच्या दृष्टीने ते एकाच घराचे दोन दरवाजे होते.

ही पद्धत त्या काळी अगदी अनोखीही नव्हती. चोरीच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एटीएममधून एकाच वेळी प्रचंड रकमा काढल्या जाण्याची शक्यता असल्याचा गोपनीय इशारा दिला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी शासनाने आशिया व आफ्रिकेतील बँकांवर झालेल्या अशाच हल्ल्यांची पद्धत प्रसिद्ध केली. वापरलेल्या खात्यांपैकी बहुतेकांत शिल्लक शून्य किंवा नाममात्र होती, असे त्यात नमूद आहे. शिल्लक विचारलीच जाणार नसेल तर ती हवी कशाला?

पुस्तकाची उणीव आणि आपलीही

या पार्श्वभूमीवर स्टॉल यांच्या पुस्तकाकडे परत येऊ. त्याचे मोठे बळ म्हणजे पद्धत. घुसखोर सापडल्यावर पहिला विचार त्याला हाकलून देण्याचा येतो. स्टॉल यांनी तसे केले नाही. पन्नासेक तारांना मुद्रणयंत्रे जोडून त्यांनी त्याची प्रत्येक अक्षरखूण कागदावर उतरवली, रोजची नोंदवही ठेवली, संदेशाला उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजून घुसखोर किती लांब असावा याचा अंदाज बांधला. हे एक संशोधन समजून करा, असा सल्ला त्यांना नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्वारेझ यांनी दिला होता. निरीक्षण, नोंद, अंदाज, पडताळणी ही विज्ञानाची रीत पाठ्यपुस्तकातल्या पहिल्या प्रकरणापेक्षा या पुस्तकात अधिक जिवंत वाटते.

उणीव आहे ती मांडणीत. पुस्तक हेरकथेच्या अंगाने जाते. पाठलाग करणारा एक आणि पळणारा एक अशी जोडी मध्यभागी राहते आणि वाचकाची उत्सुकता 'तो कोण?' या प्रश्नाला बांधली जाते. लेखकाच्या घरगुती जीवनाचे, मायक्रोवेव्हमध्ये वितळलेल्या बुटांपर्यंतचे तपशील पानेच्या पाने येतात. ते गमतीदार आहेत, पण त्यांच्या गर्दीत महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. त्या उपकार्यक्रमाला एवढे अधिकार कोणी, कधी आणि कशासाठी दिले? जुनी खाती बंद करणे हे कोणाचे काम होते? यंत्रांबरोबर कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द लष्करी संगणकांवरही न बदलता का राहिले? हा शेवटचा मुद्दा स्टॉल जरूर मांडतात आणि त्यावर रागावतातही. परंतु अनेक समंजस माणसांनी घेतलेल्या अनेक समंजस निर्णयांतून असमंजस परिणाम कसा निपजतो, याचा सलग विचार पुस्तकात नाही. कड्या सर्व आहेत. साखळी वाचकाला स्वतः जोडावी लागते.

हाच दोष कॉसमॉस प्रकरण ज्या रीतीने आपल्यापर्यंत पोचले त्यात अधिक ठळकपणे दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. या दोन्ही बातम्या महत्त्वाच्या आहेत आणि दोन्ही 'कोणी?' याचेच उत्तर देतात. उत्तर कोरियाचे नाव आले की वाचकाला एक प्रकारचा दिलासा मिळतो : एवढे सामर्थ्यवान शत्रुराष्ट्र, त्यापुढे आपले काय चालणार! पण शत्रू कितीही मोठा असला तरी तो फटीतूनच आला आणि फटी आपल्या होत्या. त्यानंतरची जी बातमी सर्वांत कमी वाचली गेली असेल ती अशी : १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी किमान सायबर-सुरक्षेची चौकट जाहीर केली. 'कसे?' या प्रश्नाचे उत्तर अशा रूक्ष कागदांत असते.

बुलडाणा जिल्ह्यातल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. बुलडाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, मेहकर, कोणत्याही गावच्या बाजारपेठेतून चालत गेले की सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या पाट्या दिसतात. शेतकऱ्याचे सोयाबीनचे आणि कापसाचे पैसे तिथेच जमा होतात. ज्यांच्या शेताला रोह्यांचा त्रास आहे त्यांना साखळीचा सिद्धान्त शिकवावाही लागत नाही. कुंपणाची एक तार सैल आहे, कुत्रे बांधलेले आहे, आणि जागलीला आलेल्याचा नेमका त्याच रात्री डोळा लागला आहे. यांतल्या एकेका गोष्टीने पीक जात नाही. तिन्ही एका रात्री जमल्या की सकाळी हरभरा उभा नसतो.

वर्गात काय करता येईल

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी यात गणितही आहे. समजा एखाद्या संस्थेच्या तपासणीत २० किरकोळ दोष सापडले. अहवालात प्रत्येकापुढे 'धोका कमी' असे लिहिले गेले. परंतु २० दोषांच्या जोड्या किती? १९०. तिघांचे गट किती? १,१४०. यांतले बहुतेक गट निरुपयोगी असतील. तरी हजारातला एखादाच गट कामाचा असे धरले, तरीसुद्धा सरासरीने एक वाट निघतेच. तपासणी करणारा २० ओळी वाचतो. हल्लेखोर १,१४० गट पाहतो. दोघे एकच यादी वेगवेगळ्या रीतीने वाचत असतात.

दुसरा प्रश्न संभाव्यतेचा. पाच पहारे आहेत आणि प्रत्येक पहारा दहातून एकदा चुकतो. पाचही एकदम चुकण्याची शक्यता लाखात एक, असे विद्यार्थी सांगतील. उत्तर बरोबर, पण दोन अटींवर : पहारे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत आणि चोराला एकच संधी हवी. प्रत्यक्षात दुसऱ्या शनिवारी सारेच पहारे एकदम ढिले होतात. म्हणजे पहिली अट गेली. हेसने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केला आणि जेमतेम ३० च्या वर संगणकांत तो शिरू शकला. म्हणजे शंभरातले नव्वदहून अधिक प्रयत्न फसले. पण फसलेल्या प्रयत्नाची त्याला किंमत मोजावी लागली नाही. म्हणजे दुसरी अटही गेली. गणितातील गृहीतके तपासायची असतात, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

प्रात्यक्षिकासाठी संगणकाची गरज नाही, फळा पुरे. 'शाळेच्या निकालपत्रकात एक गुण बदलायचा असेल तर कोणत्या गोष्टी एकापाठोपाठ चुकाव्या लागतील?' असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. कार्यालयाची किल्ली, कपाट, संगणकाचा परवलीचा शब्द, दुसऱ्या नोंदवहीशी ताळा, सही अशी प्रत्येक गोष्ट एका वर्तुळात मांडून बाणांनी जोडावी. मग विचारावे की यांतला कोणता एक बाण पुसला तर सर्वांत जास्त वाटा बंद होतात. विद्यार्थ्यांना लवकरच दिसेल की सर्वच फटी बुजवणे अशक्य असले, तरी साखळी तोडायला एक कडी पुरते. कॉसमॉसमध्ये मुख्य प्रणालीत नोंदलेले व्यवहार आणि व्हिसाकडून मंजूर झालेले व्यवहार यांचा ताळा दर काही मिनिटांनी आपोआप घेतला जात असता, तर पहिल्या काही व्यवहारांतच फरक दिसला असता. बर्कलीत दोन हिशेबांच्या अशाच ताळ्यातून पाऊण डॉलर निघाला होता. एकच गोष्ट दोन स्वतंत्र रीतींनी मोजणे ही विज्ञानातली जुनी सवय आहे. सुरक्षेतही तिला पर्याय सापडलेला नाही.

येथे एक सूचना आवश्यक आहे. हा अभ्यास कागदावरच राहिला पाहिजे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये बेकायदेशीर आहे. मग हेतू 'फक्त बघण्याचा' का असेना. स्टॉल यांच्या पुस्तकाचा नैतिक सूरही हाच आहे. संगणकांचे जाळे ही त्यांच्या मते परस्परविश्वासावर उभी असलेली वस्ती आहे. घुसखोराने माहिती चोरली यापेक्षा शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने पाहावे अशी वेळ आणली, याचे त्यांना अधिक दुःख होते. पुस्तकाचे शेवटचे काही भाग यासाठी मुद्दाम वाचावेत.

एकंदरीत, तंत्राच्या दृष्टीने पुस्तक जुने झाले आहे. त्यातली यंत्रे आता संग्रहालयात शोधावी लागतील. हेरकथेचा भाग वजा केला तर ते निम्म्या पानांत मावेल. तरीही शाळेच्या ग्रंथालयात ते असावे, आणि इंग्रजी वाचू शकणाऱ्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. देताना एवढेच सांगावे की चोर कोण होता हे शेवटच्या प्रकरणांत कळेलच, त्याची घाई नको. प्रत्येक प्रकरणानंतर थांबून वहीत लिहावे : येथे कोणती किरकोळ गोष्ट चुकली, ती कोणाला किरकोळ वाटली, आणि ती पुढच्या कोणत्या किरकोळ गोष्टीला जाऊन मिळाली. पुस्तक संपेल तेव्हा त्या वहीत जी साखळी तयार झाली असेल, ती स्टॉल यांनी लिहिलेली नाही. विद्यार्थ्याने लिहिलेली आहे.